थोरल्याचा उजवा, धाकट्याचा डावा

वावराची वाटणी करताना माझ्या दोन लेकांनी मोजणीवाला पुन्हा पुन्हा बोलावला आणि बांधावरच्या एका बाभळीपायी वर्षभर एकमेकांशी अबोला धरला. माझ्या गुडघ्यांची वाटणी मात्र चहाचे कप खाली ठेवायच्या आत झाली. थोरला म्हणाला, "उजवा माह्याकडं." धाकटा म्हणाला, "मग डावा माझ्याकडे." झालं. मी तिथंच खुर्चीत बसले होते, दोन्ही पाय समोर पसरून. मला कोणी विचारलं नाही.

गुडघ्यांची हाडं एकमेकांवर घासायला लागली आहेत, दोन्ही बदलावे लागतील, एकदम नको, एकेक करू, असं बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी निवृत्त शिक्षिका. मला पेन्शन आहे. मी म्हटलं, माझे गुडघे मी माझ्या पैशानं करते, तुम्ही फक्त दवाखान्यात डबा आणा. तर दोघंही विंचू चावल्यासारखे ओरडले. दोन दोन कमावते पोरगे असून मायनं स्वतःच्या पैशानं पाय केले, लोक काय म्हणतील? लोकांनी माझे पाय कधी चेपले नाहीत, पण माझ्या घरात पहिला मान त्यांचा.

माझे पाय तेव्हा फळ्यावर काढलेल्या कंसासारखे झाले होते. दोन्ही बाहेरून वाकलेले, मध्ये भली मोठी पोकळी. आयुष्यभर वर्गात उभी राहिले, घरी आले की चुलीपुढं उकिडवी बसले, सुट्टीच्या दिवशी वावरात. नवरा होता तोवर तो म्हणायचा, तुझ्या पायातून कुत्रं पळून जाईल. तो गेला आणि मी उंद्रीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात एकटी राहत होते, मजेत राहत होते. रेडिओ मोठ्यानं लावायची. दुपारी जेवण नको वाटलं तर नुसते शेंगदाणे खायची. मग एका सकाळी खाटेवरून उठताच येईना. दूध घालणारी बाई आली तेव्हा तिनं मला बगलेत हात घालून उभं केलं आणि गावभर सांगितलं. त्यानंतर माझी आळीपाळी सुरू झाली. चिखलीला थोरल्याचं कृषी केंद्र आहे, तिथं त्याच्याकडं काही महिने, मग संभाजीनगरला धाकट्याच्या फ्लॅटमध्ये काही महिने. दोघांनाही मी एकच सांगितलं होतं, "पाय करून द्या. पाय झाले की मी माझ्या घरी जाते." दोघंही हो म्हणाले होते. मला दुसरं काही नको होतं. रोबोट तर मी मागितलाच नव्हता.

पहिला नंबर उजव्याचा, म्हणजे थोरल्याचा. बुलढाण्याचे डॉक्टर पिकल्या केसांचे, तोंडानं तुसडे. मी विचारलं, कसं करता? ते म्हणाले, मांडीच्या हाडात सळई घालून सरळ रेष धरायची, तिच्यावर साचा बसवायचा, साच्यातून करवत चालवायची, बाकी नजर आणि हात. मी विचारलं, "दुखेल का?" म्हणाले, "दुखेल." बस, एवढंच. मला माणूस आवडला. कमरेखाली बधिर केलं होतं, पण कान जागे होते. करवत ऐकली, हातोडी ऐकली. आमच्या घराच्या चौकटी बसवताना सुताराचा असाच आवाज यायचा. मी डोळे मिटून पडले आणि मनात म्हटलं, ठोक बाबा, नीट ठोक, पुन्हा पुन्हा यायचं नाही मला.

चिखलीला आणलं तेव्हा खरी गंमत सुरू झाली. नवा गुडघा वाकवावा लागतो, रोज, दुखला तरी, नाहीतर तो आखडून बसतो. व्यायाम शिकवणारा एकदा येऊन थोरल्या सुनेला दाखवून गेला. थोरली सून रोहिणखेडची. तिचं आणि माझं कधीच जमलं नाही. तिची कारणं तिला ठाऊक, माझी मला. ती माझा राग करत होती आणि मीही तिला काही कमी केलं नव्हतं. एकाच घरात राहून आम्ही कुकरच्या शिट्ट्यांवरूनसुद्धा भांडलो होतो. अशा बाईच्या हातात माझा पाय गेला.

ती सकाळ-संध्याकाळ यायची. पदराला हात पुसायची, खाटेच्या पायथ्याशी बसायची, एक हात घोट्याला, एक मांडीवर, आणि दाबायची. हळू वगैरे काही नाही. मी ओरडले की म्हणायची, "ओरडा. बाजूवाल्याईचा टीव्ही चालू हाये, कोनी ऐकत नाही."

"भवाने, जीव घे माझा एकदाचा!"

"तुमी मेल्या तं माह्यावरच येईन. वाकवा."

दाबताना तिचा खालचा ओठ दाताखाली असायचा. चेहऱ्यावर दया माया काही नाही. मी तिला काय काय नाही म्हटलं! ज्या शिव्या वर्गात पोरांच्या तोंडून निघाल्या तर मी छडी उगारायची, त्या सगळ्या माझ्याच तोंडून निघाल्या. ती ऐकून घ्यायची आणि अजून थोडं दाबायची. एके दिवशी पाहिलं तर टाच खाटेच्या कडेखाली गेली होती. उजवा पाय सरळ होता, वाकत होता, जिना चढत होता. थोरला गल्लीभर सांगत सुटला, "हातानं केलेला हाये, हातानं! काई मशीन-फिशीन नाही." बायकोचं नाव त्यानं कुठं घेतलं नाही.

आता डाव्याची पाळी. आणि इथंच माझं नशीब फुटलं.

धाकट्यानं फोनवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला. रोबोटच्या मदतीनं गुडघा बदलतात, आधी पायाचा स्कॅन काढतात, पडद्यावर हाड आख्खं फिरवून दाखवतात, केसाएवढी चूक होत नाही. झालं, त्याच्या डोक्यात भूत शिरलं. त्याच्या ओळखीच्या दवाखान्यात ती मशीन येणार होती, तोवर थांबायचं. मी म्हटलं, तोवर म्हणजे कधी? "येईलच आता, आई. दादानं तुझा पाय सुताराकडून करून घेतला. माझा रोबोटनं होणार."

थोरला फोनवर गुरगुरला, "काऊन बे, रोबोट का आपल्या मायचे पाय चेपनार हाये? करून टाक ना मुकाट्यानं."

"तुला जळायला काय झालं?"

या दोघांच्या मध्ये मी. एक पाय सरळ होऊन लांब झालेला, दुसरा तसाच कंस. म्हणजे मी वाकडी. चालताना धड डावीकडं कलायचं, कंबर मोडायची. डाव्या चपलेला चांभाराकडून जाड तळवा लावून घेतला तेव्हा कुठं तोल सांभाळला. गल्लीतली पोट्टी मागून माझ्यासारखी चालून दाखवायची. समोरची बाई म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमी तं एका बाजूनं तरन्या झाल्या." सगळे हसले. मीही हसले, दुसरं करणार काय. धाकट्याला फोन केला, म्हटलं, "बाबा, हातानं कर, मशीननं कर, दगडानं ठोक, पण कर. कंबर गेली माझी."

"आई, थोडं सहन कर ना. तुझ्यासाठी बेस्टच पाहिजे मला."

असं बेस्ट चुलीत घालायचं असतं. हे मी त्याला तोंडावर म्हटलं. त्यानं फोन ठेवला आणि माझा उन्हाळा तसाच गेला, पावसाळाही गेला.

मशीन आली तेव्हा धाकट्यानं आधी तिच्याबरोबर फोटो काढला, मग मला दाखल केलं. तिथले डॉक्टर तरुण होते, गोड बोलायचे. पडद्यावर माझं हाड गरागरा फिरवून दाखवलं. कुठं किती कापायचं याच्या रेषा आधीच आखलेल्या. मी विचारलं, "म्हणजे हा यंत्रमानवच कापणार?"

"नाही आजी, कापणार मीच. पण करवत या हाताला जोडलेली असते. ठरलेल्या रेषेच्या बाहेर जायला लागलो की हा मला अडवतो."

"रेषेच्या बाहेर जाऊ देत नाही?"

"अजिबात नाही."

"अहो, मग हा आमच्या वावराच्या वाटणीला पाहिजे होता!"

नर्स हसल्या. धाकटा हसला नाही. मग मी खरं ते विचारलं, की हातानं केलेला चांगला की याचा? डॉक्टर खरं बोलले, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, माप अचूक येतं, सांधा जास्त सरळ बसतो, कठीण पायात त्याचा उपयोग होतो. पण हात बसलेल्या डॉक्टरनं केलेला गुडघाही उत्तम चालतो. थोडे महिने गेले की बहुतेक माणसांना स्वतःच्या पायातला फरक सांगता येत नाही. "आत बसवायचा सांधा त्याच जातीचा असतो, आजी. पुढचं तुमच्या व्यायामावर." धाकट्याचा चेहरा असा झाला की जणू त्याच्या जेवणात कोणी पाणी ओतलं.

ऑपरेशन नीट झालं. चीर दोन्ही गुडघ्यांवर सारखीच. फक्त डाव्याच्या मांडीवर आणि नडगीवर बारीक जास्तीचे डाग आहेत, हाडात खुणेच्या पिना रोवल्या होत्या तिथले. धाकटा ते डाग पाहुण्यांना बोट लावून दाखवायचा, "हे पाहा, हे हाताच्या ऑपरेशनमध्ये नसतात." डाग जास्त म्हणून मान जास्त, असा हिशेब मी पहिल्यांदाच ऐकला.

धाकट्याच्या घरी सगळं मऊ होतं. मऊ गादी, मऊ सूप, धाकट्या सुनेचा मऊ आवाज. ती बिचारी नोकरी करून यायची, माझ्याजवळ बसायची, "आई, दुखतंय ना, राहू द्या आज." व्यायाम घ्यायला एक मुलगा घरी यायचा. मी "आई गं" म्हटलं की त्याचा हात लगेच सैल. मी ओरडले की सगळे थांबत. मग ओरडणार नाही असा कोण मूर्ख आहे? त्याचं बोट लागलं की मी ओरडायची. तोही खूष, मीही खूष, घरही खूष. आणि गुडघा माझा आत आत आखडत गेला. काटकोनापर्यंतसुद्धा वाकेना. खुर्चीतून उठायचं तर पाय लाकडासारखा पुढं राहायचा. जिना चढणं तर सोडाच.

दिवाळीला सगळे चिखलीला जमले. थोरल्याचे सासरचे, धाकट्याचे सासरचे, माझी बहीण, तिचा जावई. फराळ झाला आणि थोरल्याला खेळ सुचला. "माय, इकडं ये. बस इथं मधात. उजवा वाकवून दाखव." मी वाकवला. "पाह्यलं? आता डावा."

डावा अर्ध्यातच अडला.

"अजून, माय. अजून वाकव ना."

"नाही वाकत."

"नाही वाकत!" त्यानं दोन्ही हात वर केले. "रोबोट थकला वाटते!" हशा पिकला. लुगडं माझं गुडघ्याच्या वर, समोर बारा गावचे पुरुष, आणि मी, जिला पाहून शाळेतली पोरं सदऱ्याची गुंडी लावायची, ती एका लेकाच्या जिंकण्यासाठी पाय वर-खाली करतेय. धाकटा लालबुंद. त्यानं फोनमधून दोन्ही पायांचे एक्स-रे काढले आणि सगळ्यांच्या नाकासमोर धरले, "बघा, बघा ना नीट. डाव्याची रेष बघा. एकदम सरळ. उजव्याची किंचित तिरपी आहे."

थोरला म्हणाला, "एक्स-रेले घेऊन संडासले जाते का माय?"

यावर तर माझ्या बहिणीचा जावईसुद्धा पोट धरून हसला. मी म्हटलं, "लुगडं खाली करू का आता, की अजून कोणाला पाहायचं राहिलंय?" मग कोणीतरी चकली मागितली.

त्याच संध्याकाळी मी सांगितलं, मी उंद्रीला जाते. थोरला म्हणाला, "उजव्यावर गेली असती माय, बिनधास गेली असती. डाव्यानं नाट लावला. आता कशी जाशीन?" आणि हे म्हणताना तो सुखात होता. माझा डावा आखडला याचा माझ्या थोरल्या लेकाला आनंद झाला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पोटचा गोळा! वाटलं, एक ठेवून द्यावी. धाकट्यानं संभाजीनगरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, रोज जोर लावून वाकवा, कोणीतरी न घाबरता जोर लावणारं पाहिजे. नाहीच जमलं तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल. फोन ठेवून धाकटा म्हणाला, "बघू." त्याचं बघू मला चांगलं माहीत झालं होतं.

न घाबरता जोर लावणारं माणूस त्याच घरात स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलं होतं.

पाहुणे पांगले, धाकटा गेला, मी मागं राहिले. दुपारी थोरला दुकानावर होता. मी भिंतीला धरत धरत ओट्यापाशी गेले. तिच्याकडं काही मागायची माझ्यावर पाळी येईल असं मला मेल्यावरही वाटलं नसतं. पण मागितलं. "डावा वाकवून दे."

तिनं मान वर केली नाही. "तो आमचा नाही. ह्याईनं सांगतलं, त्या पायाले हात लावायचा नाही. बिघडला तं आपल्यावर येईन."

"बिघडला तर येईल म्हणून, की सुधारला तर धाकटा जिंकेल म्हणून?"

"तुमाले मालूम हाये ते."

मी उभीच राहिले. तिनं अजून काही पाकळ्या सोलल्या. मग विचारलं, "हा वाकला तं जासान?"

"जाईन."

"पक्कं?"

"पक्कं."

"परत नाही यायचं. दिवाळीले नाही, दुखन्याले नाही, कशालेच नाही."

बाप्पा, काय बाई होती! तोंडावर म्हणत होती. मी म्हटलं, "नाही येत."

तिनं नळाखाली हात धुतले, पदराला पुसले. "चला खाटेवर. टावेल घ्या तोंडात, आता दिवसाचं ओरडल्यानं लोकं जमतीन."

त्या दुपारी तिनं दाबलं तसं कोणीच दाबलं नव्हतं. उजव्याच्या वेळेस ती कामापुरतंच बोलायची. या वेळी मनातलं सगळं काढायला लागली. आल्यापासून माह्या हातच्या भाजीले नावं ठेवली. दाबलं. पाहुण्यायसमोर मले भैताड म्हनलं. दाबलं. माह्या माहेराहून आलेले पापड शेजारनीले वाटून टाकले. दाबलं. मी टॉवेल चावत होते, डोळ्यांतून पाणी कानात चाललं होतं, आणि तरी मनात उत्तरं देत होते, की भाजी खारट होतीच, पापडही कडूच होते. टॉवेल नसता तर तिथंच आमचं महाभारत झालं असतं. तिनं बहुतेक म्हणूनच दिला.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी गुडघ्यात कट्‌ असा आवाज झाला. आत काहीतरी सुटलं, फाटलं म्हणा. मी टॉवेलसकट किंचाळले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिला वाटलं असणार, मोडला. आता दोन्ही भावांच्या शिव्या, सगळं गाव, सगळं तिच्यावर. पण तिनं घोटा सोडला नाही. मला विचारलं, "थांबू का?" आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझं मत विचारलं. मी टॉवेल थुंकला आणि म्हटलं, "थांबलीस तर याद राख." तिनं दाबलं, आणि गुडघा गेला, काटकोनाच्या पलीकडं, उघड्या डोळ्यांनी पाहिलं मी. दोघीही घामानं भिजलो होतो. ती उठून पाणी प्यायली. मला दिलं नाही.

मग रोज दुपारी. थोरला दुकानात गेला की आमची शाळा भरायची. कोणी कोणाशी गोड बोललं नाही. तिनं तिच्या यादीतलं सगळं बोलून घेतलं आणि यादी संपली तेव्हा पहिल्यापासून पुन्हा सुरू केली. टाच मागं सरकत गेली. गल्लीतली थंडी सरली, तोवर मी घराच्या पायऱ्या दोन्ही पायांनी, आळीपाळीनं चढायला लागले.

नेमकं तेव्हाच थोरल्यानं पाहिलं. मी डावा पाय वरच्या पायरीवर टाकून चढत होते आणि तो फाटकातून आत येत होता. आनंद होईल? छे! बायकोवर तुटून पडला, "तुले कोनं सांगतलं होतं तिकडच्या पायाले हात लावाले?"

"त्या जातो म्हन्तेत. घरी."

"लोक म्हनतीन, थोरल्यानं मायले हाकललं!"

"म्हनू द्या," ती म्हणाली. "त्याईले जायचं हाये, मले पाठवायचं हाये. तुमाले काय करायचं हाये?"

तो चपला काढून आत निघून गेला. मी पायरीवर उभी होते आणि मला कळत होतं की माझ्या दोन्ही लेकांना मी घरी गेलेली नको होते आणि राहिलेलीही नको होते, त्यांना फक्त पाय पाहिजे होता, आपापला. मी माझ्या घरी जावं असं मनापासून वाटणारी जगात एकच बाई होती, आणि ती माझं तोंड पुन्हा पाहायचं नाही म्हणून धडपडत होती. मला फार लागलं ते. पाय दाबताना लागलं नव्हतं एवढं लागलं. पण पाय वाकला तर तिच्यामुळं, हेही खरं. धाकट्याला कळल्यावर त्यानं सगळ्या नात्यागोत्याला फोन केले, की रोबोटच्या पायाला जरा वेळ लागतो, पण शेवटी तोच जिंकतो.

उंद्रीला मला पोचवायला लेकांपैकी कोणी आलं नाही. एकाच्या दुकानात हरभऱ्याच्या काढणीची गिऱ्हाईकं, एकाची मीटिंग. ऑटोत ती आणि मी. घरी तिनं कुलूप काढलं, पिशव्या आत ठेवल्या, गॅस पेटतो का पाहिलं. कमोड तिनंच सांगून आधी बसवून घेतला होता, तो हलवून पाहिला, घट्ट आहे का. मग मला खाटेवर बसवलं आणि समोर उभी राहिली. "उठा. हात न लावता."

मी उठले.

"परत."

परत उठले. तिनं मान हलवली आणि चपला घातल्या. दारात थांबली. "आत्याबाई, कबूल केलं होतं तुमी."

"ध्यानात आहे. नाही येत."

"पडल्या तरी?"

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. थट्टा नव्हती. राग तर रोजचाच होता, तोही त्या वेळी नव्हता. तिला नुसतं पक्कं करून घ्यायचं होतं. ऑपरेशनच्या टेबलावर मी घाबरले नव्हते, पण तेव्हा घाबरले.

"पडले तरी," मी म्हटलं.

"मंग बरं," ती म्हणाली आणि ऑटोत जाऊन बसली.

दोन्ही पाय छान आहेत आता. लोक येतात, विचारतात, कोणता चांगला? मी म्हणते, मला ओळखता येत नाही. त्यांना ते खोटं वाटतं. लेकांचे फोन येतात, थोरला उजव्याची चौकशी करतो, धाकटा डाव्याची. ती फोन करत नाही.

परवा न्हाणीत पाय घसरला. साबण सांडलेला. भिंतीला धरत धरतच खाली बसले, म्हणून हाडं वाचली, पण बसले ती ओल्या फरशीवर, पाय पुढं, धरायला काही नाही. फोन बाहेर खाटेवर वाजत होता. हाक मारली असती तर दूधवालीनं ऐकलं असतं, अर्ध्या तासात चिखलीला बातमी, आणि संध्याकाळी दारात ऑटो. मला थोरल्या सुनेचा चेहरा दिसला. ती काही बोलणार नाही, नुसती माझी पिशवी भरायला लागेल. मी पालथी झाले. गुडघे जमिनीला टेकवून भार टाकू नका असं दोन्ही डॉक्टरांनी बजावलं होतं, टाकला. कळ मस्तकात गेली. मागचा पाय पोटाशी ओढला, डावाच होता तो, जेवढा तिनं वाकवला होता तेवढा सगळा लागला, आणि बादलीच्या काठावर हात देऊन उभी राहिले. कोपर सोलून निघालं. त्यावर हळद दाबली आणि लांब बाह्यांचं पोलकं घातलं. कोणाला सांगितलं नाही. तिला कळलं तर ती म्हणेल, "मले मालूमच होतं," आणि ते मी तिला म्हणू देणार नाही, जीव गेला तरी.